सासूबाईंसाठी मऊ गोड, न भाजता, छोट्या वाटीत काय करू?

सासूबाईंना नवीन कवळी बसवलीये, चावायला त्रास होतो आणि भूकही कमी झालीये, दोन-चार चमचेच खातात पण गोड फार आवडतं त्यांना. ओव्हन नाहीये, सोलापूरचा उन्हाळा म्हणजे गॅससमोर उभं राहवत नाही. काही सुचवा ना प्लीज.

उत्तर १: आम्रखंड करा ताई. अर्धा किलो दही रात्री फडक्यात बांधून फ्रीजमध्येच टांगा, बाहेर ठेवलं तर या उकाड्यात आंबट होतं. सकाळी साधारण पाव किलो चक्का निघेल, त्यात पिठीसाखर, वेलची आणि हापूसचा रस गाळून घाला, रेषा राहिल्या की कवळीत अडकतात म्हणून गाळायचाच. चक्काही पुरणयंत्रातून काढा, लोण्यासारखा होतो. छोट्या स्टीलच्या वाट्यांत भरून झाकून ठेवा. वरून काजू-पिस्ते नकोत, आणि आपल्याकडची डाळिंबं कितीही चांगली असली तरी दाणे नकोच, बी येते.

उत्तर २: चायना ग्रासचं (म्हणजे अगर-अगर, समुद्री शेवाळापासूनचा जेलीसारखं घट्ट करणारा पदार्थ) दुधाचं पुडिंग पण छान. अर्धा लिटर दुधाला ३-४ ग्रॅमच घ्या, जास्त झालं की रबरासारखं होतं. आधी पाण्यात भिजवून पूर्ण विरघळेपर्यंत उकळा मग गरम दुधात ओता. फ्रीजबाहेरही सेट होतं, लाईट गेली तरी विरघळत नाही.
पण त्यांना गिळताना ठसका लागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा हं, तिथे नुसतं मऊ असून भागत नाही.

प्रश्नकर्ती: ठसका नाही लागत, फक्त चावायचाच प्रॉब्लेम. आज रात्रीच दही टांगते, थँक्यू दोघींना!