फिलाडेल्फियाच्या क्वेकर बायका
क्वेकर म्हणजे युद्धाला विरोध करणारा ख्रिस्ती पंथ. शस्त्र न उचलल्यामुळे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची झळ त्यांना कमी बसली, असं एक मत आहे; ते मला पटलं नाही. सप्टेंबर १७७७ मध्ये अमेरिकन बंडखोरांच्या सरकारने फिलाडेल्फियातल्या प्रमुख क्वेकरांना खटला न चालवताच व्हर्जिनियातल्या विंचेस्टरला हद्दपार केलं. पाठोपाठ शहर इंग्रजांनी घेतलं. म्हणजे नवरा एका सैन्याच्या मुलखात, घर दुसऱ्याच्या! तरी हद्दपार झालेला हेन्री ड्रिंकर आणि त्याची बायको एलिझाबेथ यांची पत्रं चालू राहिली. दोन हद्दपार तिकडेच वारले. एप्रिल १७७८ मध्ये एलिझाबेथसह चार बायका थेट व्हॅली फोर्जच्या लष्करी तळावर अमेरिकन सेनापती वॉशिंग्टनना भेटल्या. वॉशिंग्टननी त्यांना जेवू घातलं, लँकेस्टरला, म्हणजे तेव्हा पेनसिल्व्हेनियाचं सरकार होतं तिथे, जायचा परवाना दिला. याहून जास्त आपल्या हातात नाही म्हणाले. त्याच महिन्यात हद्दपार मंडळी सुटली. अर्थात सुटकेच्या हालचाली आधीच सुरू होत्या, सगळं श्रेय या भेटीला देता येणार नाही.