मदत हवी आहे: निर्दोष फरारी माणसाचे थरारपट सुचवा

काल १९९३ चा 'द फ्युजिटिव्ह' परत पाहिला. बायकोच्या खुनाची खोटी शिक्षा झालेला डॉ. किंबल खरा खुनी एका हाताचा म्हणून शिकागोच्या हॉस्पिटलमध्ये कृत्रिम हातांच्या नोंदी शोधायला शिरतो, आणि तिथे पकडलं जायचा धोका पत्करून एका जखमी मुलाला वेळेत ऑपरेशनला पोचवतो. माझ्या मते सिनेमाचा जीव तिथे आहे, धरणावरच्या उडीत नाही! किंबलच्या मागावर असलेला टॉमी ली जोन्सचा मार्शलही (पोलीस अधिकारी) तितकाच हुशार, त्याचं ऑस्कर अगदी योग्य.

पळणारा आणि मागे लागलेला, दोघंही असे तोलामोलाचे असलेले सिनेमे सुचवाल का? हिचकॉकचा 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' आणि नागार्जुनचा 'क्रिमिनल' पाहिलेत. मल्याळम, कोरियन चालतील, सबटायटल्स हवीत. आईबाबांसोबत बघायचेत, त्यामुळे रक्तपात कमी असावा.