अमेरिकेतून आयफोन कुरिअरने मागवला तर खरंच स्वस्त पडतो का?

इचलकरंजीवाला (ऑक्टोबर 2025, भाव आणि नियम तेव्हाचे)
नमस्कार मंडळी. आयफोन 17 प्रो घ्यायचाय, 256 जीबीचा. आपल्याकडे 1,34,900 आणि अमेरिकेत 1099 डॉलर, म्हणजे सध्याच्या 88 च्या भावाने 97 हजारांच्या आत, सरळ सरळ 38 हजारांचा फरक दिसतोय. चुलत भाऊ न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो मी घेतो आणि कुरिअरने पाठवतो, वर गिफ्ट लिहिलं की कस्टमवाले काही विचारत नाहीत. माझं साड्यांचं ऑनलाइन विक्रीचं काम आहे, फोटो-व्हिडिओ सगळं फोनवरच, आणि आत्ताच्या फोनची बॅटरी दुपारीच मान टाकते. दिवाळीच्या आत हातात पडला तर बरं. भाऊ स्वतः डिसेंबरात लग्नाला येणार आहेच पण तोवर सीझन संपेल. कुणी असा मागवलाय का? आणि तिकडच्या फोनला सिमच बसत नाही म्हणतात ते काय प्रकरण आहे?

एडिसनकर
गिफ्टचं डोक्यातून काढून टाका. डिसेंबर 2019 पासून पोस्टाने किंवा कुरिअरने गिफ्ट म्हणून ड्युटी न भरता काही मागवणंच बंद आहे, सूट आहे ती फक्त जीवरक्षक औषधांना आणि राखीला (राखीला हं, राखीसोबतच्या ड्रायफ्रूटच्या डब्याला नाही). म्हणजे गिफ्ट लिहा नाहीतर प्रसाद लिहा, पूर्ण ड्युटी लागणारच.
आता हिशोब बघा. 1099 वर न्यू जर्सीचा सेल्स टॅक्स 6.625%, झाले 1172 डॉलर, म्हणजे 1 लाख 3 हजार. कुरिअर आणि इन्शुरन्स धरा तीन-चार हजार. ड्युटी या सगळ्यावर लागते, नुसत्या फोनवर नाही. मोबाईलवर कस्टम ड्युटी 15% (जुलै 2024 च्या बजेटपर्यंत 20 होती), त्या ड्युटीवर 10% सरचार्ज आणि मग ड्युटीसकट जी रक्कम होते त्यावर 18% आयजीएसटी (बाहेरून आणलेल्या मालावरचा जीएसटी), म्हणजे 35 टक्क्यांच्या वर गेलात. फोन घरी येईपर्यंत 1 लाख 45 हजारांच्या वर, शिवाय कुरिअरवाले क्लिअरन्सचे वेगळे लावतात ते वेगळेच. इथल्या दुकानापेक्षा 10 हजारांहून जास्त मोजून वर महिनाभर ट्रॅकिंग बघत बसायचं, कशाला?

उंटावरचा_शहाणा
एवढं काय घाबरवताय त्यांना. बॉक्स काढून टाकायचा, फोन कपड्यात गुंडाळायचा आणि किंमत 150 डॉलर, यूज्ड फोन लिहायचं. अर्धं गाव असंच मागवतं.

एडिसनकर
शहाणे, यूज्ड लिहिणं तर अजून वाईट. जुना इलेक्ट्रॉनिक माल आणायला आपल्याकडे वेगळी परवानगी लागते, म्हणजे ड्युटी भरायची तयारी असली तरी पार्सल अडकणार. आणि सेटिंगमध्ये जाऊन मॉडेल नंबर बघायला कस्टमवाल्याला किती वेळ लागतो? त्याला किंमत पटली नाही तर तो स्वतःची किंमत धरून ड्युटी लावतो, वर दंड, नाहीतर जप्ती. आणि मुख्य म्हणजे पार्सल वाटेत गहाळ झालं तर इन्शुरन्स मिळणार 150 डॉलरचाच. माझ्या मेव्हण्याचं पार्सल एका कुरिअर कंपनीकडे केवायसीच्या कागदांवरून अडकलेलं, आधार द्या, पॅन द्या, बिल द्या, मग बिलावरची किंमत आणि पार्सलवरची किंमत जुळेना, शेवटी वैतागून त्याने परत पाठवा म्हणून सांगितलं. जायचं-यायचं दोन्ही भाडं त्याच्याच बोकांडी.
(गंमत म्हणजे हा फोन तमिळनाडूत नाहीतर कर्नाटकात जोडलेला असायची बरीच शक्यता आहे. अमेरिकेत विकले जाणारे बहुतेक आयफोन आता भारतातून येतील असं टिम कुकनेच या मे महिन्यात सांगितलं होतं. म्हणजे तो इथून तिकडे जाणार आणि तुम्ही ड्युटी भरून त्याला माहेरी आणणार.)

घाटावरची
सिमचं मी सांगते. अमेरिकेतल्या आयफोनला 14 पासून सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम (कार्ड नसलेलं, फोनच्या आतलंच सिम). आपल्याकडच्या 17 प्रोला एक नॅनो सिम आणि ई-सिम दोन्ही चालतं. जिओ, एअरटेल, व्हीआय तिघंही ई-सिम देतात आणि प्रोसेस तशी सोपी आहे, जिओला 199 वर मेसेज करायचा त्यात फोनचा ईआयडी (ई-सिमचा नंबर) आणि आयएमईआय (फोनचा नंबर) टाकायचा वगैरे. पण बदलल्यावर साधारण 24 तास मेसेज बंद राहतात, म्हणजे बँकेचा ओटीपी येत नाही, तुमचा धंदा ऑनलाइन आहे तर तो दिवस बघून ठरवा. आणि खरा त्रास पुढे, फोन बिघडला तर सिम काढून घरातल्या जुन्या फोनमध्ये टाकलं आणि काम भागवलं असं करता येत नाही. एका फोनवर दुकान चालवणाऱ्याने ट्रे असलेलाच घ्यावा असं माझं मत.
अजून एक, भावाला सांगा की तिकडच्या मोबाईल कंपनीच्या ऑफरमध्ये घेऊ नको, तो लॉक्ड असतो, इथलं सिम घेणार नाही. जपानवरून कुणी आणून देत असेल तर तिथल्या फोनच्या कॅमेऱ्याचा खटॅक आवाज बऱ्याचदा बंद होत नाही, तेही लक्षात ठेवा. साड्यांच्या फोटोला काही फरक पडत नाही म्हणा, साडी काय दचकत नाही.

इचलकरंजीवाला
बापरे. मग कुरिअर कॅन्सल. डिसेंबरपर्यंत कळ काढतो, भावालाच आणायला सांगतो. वहिनी पण येतेय, म्हणजे प्रवाशाला ड्युटीफ्री सामान आणता येतं ते दोघांचे 50-50 हजार मिळून लाखाचा फोन ड्युटी न भरता बसेल ना?

खारघर_सेक्टर_बारा
नाही बसत. आत्ता 2025 मध्ये 50 हजारांची सूट माणशी आहे, ती एकाच वस्तूवर जोडून घेता येत नाही. 18 वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप फ्री आहे पण फोनला तशी वेगळी सूट नाही. भावाचा स्वतःचा वापरातला फोन कुणी विचारत नाही, सीलबंद डब्याला विचारतात.
50 च्या वरच्या रकमेवर 38.5% लागतं (35 आणि त्यावर सरचार्ज). तुमच्या फोनला: 1,03,000 वजा 50,000, उरलेल्या 53 हजारांवर साधारण 20,400. एकूण 1 लाख 23 हजार. वाचले 11 हजार. भाऊ डेलावेअरला जाऊन घेणार असेल तर तिथे सेल्स टॅक्सच नाही, जर्सीवाले गाडी काढून तिकडे खरेदीला जातातच, मग 1 लाख 15 हजारांच्या आत पडेल. साध्या 17 ला तर हे करूच नका, 799 डॉलरचा तो जर्सीतून ड्युटी भरून साडेचौऱ्याऐंशी हजारांना पडतो आणि इथे 82,900 ला समोरच्या दुकानात मिळतो. वॉरंटीचं पण बघा, फोन ज्या देशात घेतला तेवढ्यापुरतीच सर्व्हिस ठेवायचा हक्क अॅपलने अटींमध्ये राखून ठेवलाय.

उंटावरचा_शहाणा
सील फोडायचं, सिनेमे बघत यायचं, झाला पर्सनल फोन. ग्रीन चॅनलमधून (ड्युटी भरण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांच्या वाटेने) सरळ बाहेर.

खारघर_सेक्टर_बारा
आणि खिशात भावाचा स्वतःचा आयफोन पण. दोन्ही पर्सनल. तुम्ही उभे रहा त्याच्या जागी.

जमाखर्च
सगळं वाचलं, पण एक कुणीच विचारलं नाही. इचलकरंजीवाले, तुमचा जीएसटी नंबर आहे का? ऑनलाइन साड्या विकताय म्हणजे बहुतेक असेल. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांची ठोक कराची योजना) नसाल आणि फोन धंद्याच्या कामासाठीच असेल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकून घ्या. 1,34,900 मध्ये 20,578 जीएसटी आहे, त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं (तुम्ही भरायच्या जीएसटीतून तेवढे वजा होतात), म्हणजे फोन पडला 1,14,322 ला. डेलावेअरच्या हिशोबाएवढाच, आणि तोही आज, सिमच्या ट्रेसकट, इथल्या वॉरंटीसकट. कार्डावर काही सूट मिळाली तर अजून खाली. फक्त त्या जीएसटीच्या रकमेवर घसारा (वस्तू जुनी होते त्याचा दरवर्षीचा खर्च) धरू नका, क्रेडिट आणि घसारा दोन्ही मिळत नाही, तुमच्या सीएंना माहीत असतं ते.

इचलकरंजीवाला
अहो नंबर आहे की! रेग्युलरमध्येच आहे. सूत-कापडाचं क्रेडिट दर महिन्याला घेतो पण फोनचं काही सुचलंच नाही. आत्ता कोल्हापूरच्या दुकानात फोन करून विचारलं, नंबर टाकून बिल देतो म्हणाले. निळा शिल्लक नाही, केशरी आहे फक्त, निळ्याला दिवाळीनंतर या म्हणतात. काय करू?

घाटावरची
केशरी घ्या. कव्हर घातल्यावर कुठे दिसतोय.