निर्वासित कुटुंबाला मदत करताना आता नेमके काय करावे?

प्रश्न

आम्ही अमेरिकेतील काही मराठी कुटुंबे मिळून, डिसेंबर २०२४ मध्ये निर्वासित म्हणून येथे आलेल्या एका अफगाण कुटुंबाला संसार उभा करण्यास मदत करत आहोत. २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने निर्वासितांचा प्रवेशच स्थगित झाला, पुनर्वसन संस्थांचा निधी अडला आणि या कुटुंबाचे काम पाहणाऱ्या बाईंची नोकरी गेली. आता प्रत्येक सरकारी पत्र घेऊन ते आमच्याकडेच येतात. ताजे पत्र अन्नसाहाय्य बंद होत असल्याचे आहे. शिवाय त्या गृहस्थांचा धाकटा भाऊ नंतर स्वतंत्रपणे आला असून त्याला आश्रयासाठी अर्ज करायचा आहे. आमच्यापैकी कोणीही वकील नाही. मदतीच्या भरात त्यांचे नुकसान होऊ नये, यासाठी आम्ही काय करावे आणि कशात पडू नये?

प्रतिसाद १

दोन्ही भावांची प्रकरणे कायद्याच्या दृष्टीने वेगळी आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. थोरल्याची छाननी येण्यापूर्वीच झाली असून तो निर्वासिताचा दर्जा घेऊनच उतरला. एक वर्ष पूर्ण झाल्यावर त्याने कायम वास्तव्यासाठी अर्ज करायचा असतो, आणि सध्या नियम वारंवार बदलत असल्याने तो वकिलाला दाखवूनच करावा. धाकट्याला मात्र मायदेशी छळाची भीती आहे हे येथे येऊन सिद्ध करावे लागेल, आणि आगमनापासून एक वर्षाच्या आत अर्ज दाखल झाला नाही, तर मोजके अपवाद सोडता तो मार्ग बंद होतो. त्यामुळे त्याच्या आगमनाची तारीख आजच पाहून घ्या.

इमिग्रेशन न्यायालयात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. मोफत किंवा अल्प शुल्कात काम करणारे वकील आणि न्याय विभागाची मान्यता असलेले प्रतिनिधी यांच्याकडे आताच नाव नोंदवावे. फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्या दलालाकडे मुळीच जाऊ नये. धाकट्या भावाची हकीकत तुम्ही लिहून देऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तुम्ही भाषा ओघवती करण्यासाठी एखादी तारीख किंवा प्रसंगाचा क्रम बदलला आणि न्यायाधीशांसमोर तो वेगळे बोलला, तर त्याच्या खरेपणावरच शंका घेतली जाते.

तुम्ही करू शकाल असे काम दिसायला किरकोळ आहे. त्याचा खटला न्यायालयात असेल, तर पत्ता बदलल्यावर न्यायालयाला पाच कामकाजाच्या दिवसांत आणि इमिग्रेशन खात्याला दहा दिवसांत स्वतंत्रपणे कळवावे लागते. पत्र जुन्या पत्त्यावर गेले आणि सुनावणी चुकली, तर गैरहजेरीतच हद्दपारीचा आदेश निघू शकतो. न्यायालयाच्या स्वयंचलित माहितीसेवेवर त्याचा ए-क्रमांक (इमिग्रेशन खात्याने दिलेला ओळख क्रमांक) टाकून दर आठवड्याला तारीख तपासा आणि सुनावणीच्या दिवशी कोणीतरी सोबत जा.

प्रतिसाद २

अन्नसाहाय्याबाबतचे पत्र बहुधा ४ जुलै २०२५ च्या कायद्यामुळे आले असावे. त्या कायद्याने निर्वासितांना केवळ त्या दर्जाच्या आधारे मिळणारी पात्रता काढून घेतली. माझ्या मते हा बदल अत्यंत कठोर आहे, कारण तो नेमका पहिल्या वर्षांत, भाषा आणि नोकरी दोन्ही कच्ची असताना, घाव घालतो. निर्वासितांच्या रोख साहाय्याची मुदतही मे २०२५ पासून नव्याने पात्र ठरणाऱ्यांसाठी बारा महिन्यांवरून चारवर आणली आहे.

एक गोष्ट सहज निसटते. अन्नसाहाय्य मिळणाऱ्या घरातील मुलांचे शाळेतील मोफत जेवण आपोआप मंजूर होते. ते साहाय्य थांबले की शाळेकडे उत्पन्नाचा स्वतंत्र अर्ज भरावा लागतो. शालेय जेवणासाठी इमिग्रेशनच्या दर्जाची अट नाही. घरात पाच वर्षांखालील मूल किंवा गरोदर स्त्री असेल, तर डब्ल्यूआयसी या माता-बालकांसाठीच्या सरकारी पोषण योजनेची चौकशी करा. तुमच्या निधीतून एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा भाड्यातील ठरावीक वाटा दरमहा, न चुकता द्यावा, म्हणजे त्यांना पुढच्या महिन्याचा हिशेब मांडता येईल.

प्रतिसाद ३

जानेवारी २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये आणि प्रार्थनास्थळे यांना इमिग्रेशन खात्याच्या कारवाईपासून मिळणारे धोरणात्मक संरक्षणही मागे घेण्यात आले, त्यामुळे घरात भीती असणारच. अधिकारी दाराशी आले, तर न्यायाधीशांची सही असलेले वॉरंट आहे का, हे दार न उघडता विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. इमिग्रेशन खात्याने स्वतःच काढलेल्या वॉरंटने संमतीशिवाय घरात शिरण्याचा अधिकार मिळत नाही, असेच कायदेशीर मदत देणाऱ्या संस्था सांगतात. खोटे बोलू नये, अडथळा आणू नये, आणि वाचल्याशिवाय कशावरही सही करू नये. त्यांचे फोटो किंवा कहाणी समाजमाध्यमांवर टाकू नका, निधी गोळा करण्यासाठीही नाही.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. धाकट्या भावाचे वर्ष संपायला अजून अवधी आहे, हे आत्ताच पाहून घेतले. शाळेचा अर्ज उद्या भरतो आणि वकिलांच्या प्रतीक्षायादीत त्याचे नाव याच आठवड्यात घालतो.