कारविरुद्ध शून्यापासूनच्या शर्यतीत बाइकचा जमाना संपला आहे. पटतंय का?

कुडाळकर_६६
सुझुकीची हायाबुसा बाइक दिसली की आमच्या नाक्यावरची पोरं अजून म्हणतात, "हिच्यापुढे कुठली कार टिकणार?" १९९९ साली ती पहिल्यांदा आली तेव्हा हे खरं होतं. तिच्याशी बरोबरी करणारी कार घ्यायची तर आंब्याची बाग विकावी लागली असती.

आज बीवायडी सील या इलेक्ट्रिक कारचं वरचं मॉडेल ५३० पीएसचं (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) आहे आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ३.८ सेकंदांत ताशी १०० किमी गाठतं. टेस्ला मॉडेल एस प्लेड, जी आपल्याकडे विकत मिळत नाही, ती २.१ सेकंदांत. हायाबुसाचा आकडा ३.२ चा, तोही क्लच आणि थ्रॉटल नेमकं सांभाळणारा हात असेल तर. सीलमध्ये माझी आईसुद्धा पाय दाबून ३.८ आणेल.

आणि बाइकला इथून फार सुधारता येत नाही. तिची मर्यादा इंजिनात नाही, पुढचं चाक उचलण्यात आहे. मागचं चाक जमिनीला टेकतं तिथून गुरुत्वमध्यापर्यंतचं आडवं अंतर घ्या, त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. स्वारासकट स्पोर्ट बाइकचं उत्तर एकच्या आसपास येतं. म्हणजे साधारण १ जी (गुरुत्वाकर्षणाएवढा वेगवाढीचा दर), त्यापुढे चाक आकाशात. १ जीने १०० गाठायला २.८ सेकंद लागतात. दोनशे पीएस लावा नाहीतर चारशे, गणित तेच. कारला ही अडचण नाही. चारही चाकांना मोटर, चांगले टायर, आणि गाडी जमिनीला चिकटलेली.

घाटमाथा
१०० वरच घड्याळ का थांबवलंत दादा? सोयीचं आहे म्हणून?

हायाबुसा २६६ किलो, १९० पीएस. वर ७५ किलोचा माणूस बसवा. टनामागे साडेपाचशेच्या वर पीएस पडतात. सील जवळपास २२०० किलोची, टनामागे अडीचशेसुद्धा नाहीत. शंभरच्या पुढे चाक उचलण्याचा प्रश्न हळूहळू सुटतो, मग उरतं फक्त वजन आणि ताकद. चालत्या गाडीवरून, म्हणजे साठ-सत्तरपासून शर्यत लावा, सील आरशात लहान लहान होत जाईल. शिवाय सील १८० ला थांबते. हायाबुसा २९९ ला थांबते, आणि तेसुद्धा कंपन्यांनी आपसात ठरवलं म्हणून.

किंमत राहिलीच. २०२४ मध्ये हायाबुसा सतरा लाखांच्या आसपास होती, सील त्याच वर्षी आली तेव्हा ५३ लाख.

रत्नांग्री_रायडर
घाटमाथाला अनुमोदन. ३० जून २०१६ ला तुर्कस्तानात ओस्मान गाझी पुलावर केनान सोफुओग्लूने कावासाकी निंजा एच२आर २६ सेकंदांत ४०० ला नेली. पुढच्या वर्षी बुगाटी शिरॉनने १५०० पीएस लावून तोच वेग गाठला, ३२.६ सेकंदांत. सोळा सिलिंडर विरुद्ध चार! विषय संपला.

कुडाळकर_६६
संपला कसा, तू २०१७ मध्येच उतरलास. २०२३ ला रिमाक नेव्हेराने शून्य ते ४०० साधारण २१ सेकंदांत केलं. इलेक्ट्रिक, चार मोटर, १९१४ पीएस. आणि नेव्हेराला नंबरप्लेट मिळते. एच२आर ही फक्त ट्रॅकवरची बाइक, रस्त्यावर आणली तर आरटीओवाला आधी फोटो काढेल आणि मग जप्त करेल.

हवेचं गणितही बघा. स्वार बसलेली बाइक पुढून अरुंद असते, पण हवा कापायला बेढब. वेग दुप्पट झाला की हवेशी झगडायला आठपट ताकद लागते. तीनशेच्या पुढे ताकदीचा ढीग ज्याच्याकडे तो जिंकणार, आणि तो ढीग दोन चाकांवर कुठे ठेवणार?

घाटमाथा
नेव्हेरा बनवायच्या ठरवल्यात फक्त दीडशे, एकेकीची किंमत वीस लाख युरो. सतरा लाखांच्या बाइकला हरवायला तुम्हाला क्रोएशियातून काही कोटींची गाडी मागवावी लागते, यातच काय ते आलं.

जांभा_दगड
दोघंही नाकासमोर बघून भांडताय. रस्ता वळतो हो.

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ मध्ये फेटेलने फॉर्म्युला वनची पोल (सुरुवातीची पहिली जागा ठरवणारी सगळ्यात जलद फेरी) १ मिनिट २४ सेकंदांत घेतली. २०२३ मध्ये तिथेच मोटोजीपी, म्हणजे बाइकची जागतिक शर्यत, झाली, बेझेक्कीची पोल १ मिनिट ४४ च्या आसपास. आणि ट्रॅक मोटोजीपीसाठी थोडा आखूड केलेला होता. वीस सेकंद! सरळ पट्टीवर दोघं सारखेच पळतात, त्याच वर्षी ब्रॅड बिंडरने इटलीतल्या मुजेलो ट्रॅकवर मोटोजीपी बाइकवर ताशी ३६६.१ किमीचा वेग नोंदवला. मग वीस सेकंद जातात कुठे?

ब्रेकमध्ये आणि वळणात. वर सांगितलेलं चाक उचलण्याचं गणित ब्रेक मारताना उलटं होतं, तेव्हा मागचं चाक उठतं. फॉर्म्युला वन गाडी पाच जीच्या आसपास ब्रेक मारते, कारण हवाच तिला खाली दाबून धरते. बाइकला त्याच्या निम्म्यानेही जमत नाही. वळणात बाइक झुकते तेव्हा जमिनीला टेकलेलं रबर तळहाताएवढं. बाइकवाला ब्रेक लवकर मारतो, वळणात हळू जातो आणि बाहेर पडताना चाक उचलू नये म्हणून थ्रॉटल जपून देतो.

हे तर शर्यतीच्या गाड्यांचं झालं. रस्त्यावरच्या घ्या. जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंग ट्रॅकवर हेल्मुट डेनने १९९३ ला होंडा आरसी३० बाइकवर ७ मिनिटं ४९ सेकंद केले आणि तो आकडा बाइकवाले अजून अभिमानाने सांगतात. मर्सिडीज-एएमजी वन ही कार २०२४ ला ६ मिनिटं २९ ला आली. (तिथे बाइकच्या अधिकृत वेळा हल्ली कोणी नोंदवत नाही हे मान्य. पण ऐंशी सेकंदांची दरी त्याने भरत नाही.)

एसटी_निवृत्त
पोरांनु, तुमचो हिशोब बरोबर आसा. पण आंबोलीचो घाट कोणी मोजूक नाय. पुढ्यात वाळूचो डंपर, त्याच्या मागे टेम्पो. थंय तुमची पाचशे पीएसची गाडी काय करतली? हॉर्न मारतली. बाइकवालो फटीतसून निघान जातलो. गणपतीत माणगावाक अडाकलात तर बाइकवालो आरतेक घराक पोचतलो, कारवालो विसर्जनाक.

जांभा_दगड
काका, माणगावात तर सायकलवालासुद्धा नेव्हेराला हरवेल. पण डंपर नसेल आणि पाऊस असेल तर आंबोलीत मी चारचाकीवरच पैसे लावेन. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावर सांडलेलं ऑइल, वर तांबडा चिखल, आणि वळणात आपल्याकडे झुकलेली बाइक. कॉर्नरिंग एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोल आहे, सगळं आहे. पण चाक घसरलं तर कार फिरते, बाइक पडते. हे माहीत असलेला माणूस पावसात जोरात चालवत नाही, म्हणजे हरतोच.

देवगडी
मध्येच एक कडू गोळी. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १०० ची मुभा, बाइकला ८०. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर आणि समृद्धीवर दुचाकीला प्रवेशच नाही. त्यामुळे ६६ नंबरवर (मुंबई-गोवा महामार्गावर) कोण पुढे हा वाद कायद्यानेच सोडवलाय. हा धागा वाचून कोणी कशेडीच्या बोगद्यात प्रयोग करायला जाऊ नका.

रत्नांग्री_रायडर
रस्त्यावर करा असं म्हणालं कोण? अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगचे (सरळ पट्टीवरच्या शर्यतीचे) कार्यक्रम होऊन गेलेत, बाइक आणि कार दोन्हींच्या वेळा मोजल्या जातात. कोरडी पट्टी, पाव मैल. तिथे कंपनीतून आलेली हायाबुसा चांगल्या स्वाराकडे दहा सेकंदांच्या आसपास येते. सील तिथे आणा, कुडाळकर. नेव्हेरा नको, सील.

कुडाळकर_६६
पाव मैलात सील हरेल, मान्य करतो. पहिल्या शंभरापर्यंत दोघी चिकटून असतील, पुढे तुमची निघून जाईल. प्लेड मात्र त्याच पाव मैलात सव्वानऊला येते, पाच माणसांची फॅमिली कार आहे ती. ती इथे विकायला आली की हा धागा वर काढा.

साखळी_चाक
मग इलेक्ट्रिक बाइकने प्रश्न सुटेल का? मोटरला गिअर नाही, क्लच नाही.

कुडाळकर_६६
हाताचं कौशल्य वाचेल. चाक तरीही १ जीला उचलणारच, मोटर असो की इंजिन.

घाटमाथा
चूक. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) लांब करा, बाइक खाली बसवा. गुरुत्वमध्य खाली आणि पुढे जातो, मर्यादा १ जीच्या बरीच वर सरकते. ड्रॅगवाले हायाबुसाला हेच करतात, मागचं चाक इतकं मागे जातं की बाइक रेल्वेच्या डब्यासारखी दिसते. वर टर्बो टाकला तर प्लेडला मागचा नंबर वाचत बसावं लागेल.

कुडाळकर_६६
जरूर लांब करा. मग तीच बाइक भोस्ते घाटाच्या इंग्रजी यू वळणातून फिरवून खेडला आणा. मी वर चहा घेऊन थांबतो.