ॲप टाकायचं, घ्यायचं, घालायचं की बसवायचं?

पिंपळपार
आमच्या गावच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी फोन शिकवायचा वर्ग चालतो. बहुतेक मंडळी साठीच्या पुढची. मुलांनी नवा फोन हातात दिलेला असतो, पण त्यात काय असावं आणि ते कुठं शोधावं हे सांगायला कुणाला वेळ नसतो. म्हणून त्यांच्यासाठी दोन पानी पत्रक करतोय. यादी जवळपास झाली आहे: कागदपत्रांसाठी डिजिलॉकर, सरकारी कामांसाठी उमंग, वीजबिलाला महावितरणचं, पैशांसाठी भीम, मराठी लिहायला जीबोर्ड, शेतकऱ्यांना ई-पीक पाहणी, आणि वीज पडण्याची शक्यता आधी कळवणारं दामिनी. अडलंय ते क्रियापदावर.

मसुद्यात सगळीकडे 'ॲप टाका' असं आहे, कारण आमच्याकडे सगळे तसंच बोलतात. गेल्या शनिवारी एका काकूंना म्हटलं, "दामिनी टाका." त्यांच्या मुलानं ते फोनमध्ये आधीच देऊन ठेवलं होतं. काकूंनी चिन्हावर बोट दाबून धरलं आणि ते काढून टाकलं. वर मला विचारलं, "तुम्हीच म्हणालात ना टाका म्हणून?" वर्गातले एक निवृत्त गुरुजी लगेच म्हणाले, "मीठ घालतात, कचरा टाकतात. पत्रकात 'घाला' लिहा." पण 'ॲप घाला' आमच्या भागात कुणी म्हणत नाही. 'घ्या' म्हटलं की लोक विचारतात, केवढ्याला?

पत्रक पुढच्या आठवड्यात छापायला द्यायचं आहे. काय लिहू? यादीत काही राहिलं असेल तर तेही सांगा.

रविवारपेठ
गुरुजींचं शंभर टक्के बरोबर आहे. आत ठेवायचं ते घालायचं, नकोसं असेल ते टाकायचं. हा भेद मराठीनं नीट सांभाळलेला होता. हिंदीतल्या 'डालना'नं सगळा घोळ केला. 'नमक डालो'चं 'मीठ टाक' झालं, मग चहात साखर टाक, गाडीत पेट्रोल टाक. आता लोक 'मुलीला इंग्लिश शाळेत टाकलं' म्हणतात आणि त्यांना काही खटकत नाही. मुलगी टाकली याचा मराठीत काय अर्थ होतो, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. काकूंनी 'टाका'चा जो अर्थ घेतला तोच खरा आहे. पत्रकात 'घाला' लिहा, चार दिवसांत कानाला सवय होईल.

पऱ्हाटी
माझ्या आजीनं जन्मभर भाजीत मीठ टाकलं. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यात आयुष्य गेलं, हिंदीचा गंध नव्हता. तिची मराठी कुठून बिघडली म्हणता?

आणि 'टाकणे' म्हणजे फक्त फेकून देणे हे कुणी ठरवलं? पत्र टाकतो, ते फेकून देतो का? पाऊल टाकतो, नजर टाकतो, डाव टाकतो. विश्वास टाकतो! टाकलेला विश्वास म्हणजे सोडून दिलेला विश्वास नाही, उलट समोरच्याच्या हवाली केलेला. ॲप टाकणे या रांगेत सरळ बसतं. पिंपळपार, तुमचं 'टाका' तसंच राहू द्या.

रविवारपेठ
पऱ्हाटी, आजींबद्दल आदर आहेच. पण नागपूर-अमरावतीचा भाग १९५६ पर्यंत हिंदीभाषक मुलखाबरोबर एका प्रांतात होता. हिंदी कानावर पडतच होती. खेड्यातल्या बाईच्या बोलण्यातही ते झिरपणारच. तुमची उदाहरणं वाक्प्रचारांची आहेत, ती वेगळी काढावी लागतात. पदार्थात काही मिसळताना किंवा वस्तू आत ठेवताना कोणतं क्रियापद, एवढाच प्रश्न आहे.

पऱ्हाटी
म्हणजे आम्ही बोललो की हिंदीचा परिणाम आणि पुण्यात बोलले की मराठी. हे फार ऐकलंय. मिसळण्याचंच उदाहरण हवं तर विरजण घ्या, पीठ भिजवताना मोहन घ्या. आमच्याकडे दोन्ही टाकतात, आणि भाकरी-पोळी तुमच्याइतकीच चांगली होते.

तांबडीमाती
कोल्हापुराकडं 'घाल' अगदी रोजचं आहे. "फोनात ते ॲप घाल की," असं पोरं सहज म्हणतात. आमच्यात डेअरीला दूधसुद्धा घालतात. 'तो कुठल्या संस्थेला दूध घालतोय?' असंच विचारायची पद्धत. पेपर मात्र टाकतात, कारण पोरगं सायकलवरनं दारात भिरकावून पुढं जातं. दूध हातात द्यावं लागतं. आता बघा, यात हिंदीही नाही आणि पुणंही नाही.

यादीबद्दल: रेल्वेचं जनरल तिकीट काढायचं ॲप घ्या की. म्हाताऱ्या माणसांना रांगेत उभं राहायला नको.

मांडवीकाठ
गोव्यात हा प्रश्न पडणार नाही. कोंकणीत मीठ घालप आणि कोयर उडोवप, दोन्ही कामांना वेगळे शब्द आहेत. त्यामुळे "ॲप घाल" म्हटल्यावर कुणी ते काढणार नाही. घरात कोंकणी बोलून शाळेत मराठी शिकलेल्या आमच्या पिढीला 'टाकणे'ची ही दोन टोकं आजही बिचकवतात. मुंबईला मावशीकडे गेले असताना ती म्हणाली, "ती चटणी टाक गं." मी विचारलं, "पोळीवर की बादलीत?"

लेखणीदौत
इथं 'घालणे' शुद्ध आणि 'टाकणे' भ्रष्ट असं गृहीत धरून बोलणं चाललंय, म्हणून थोडं मागं जाऊ. प्राकृतात 'घल्लइ' असं रूप आहे आणि त्याचा अर्थ 'फेकतो'. 'ठेवतो, आत घालतो' हा अर्थही त्याच्याच आसपासचा. आपलं 'घालणे' त्या घराण्यातलं. म्हणजे गुरुजींचं घालणे एके काळी फेकणेच होतं. फेकण्यातून ठेवण्याकडे जो प्रवास त्यानं केला, तोच 'टाकणे' आता करतंय. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही टाकणेला फेकण्याचे आणि सोडून देण्याचे अर्थ आहेत, पण तो कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यावरून आजच्या फोनचं क्रियापद ठरवता येणार नाही.

मला विचाराल तर या कामाला मराठीत हक्काचं क्रियापद आहे: बसवणे. मीटर बसवतो, पंप बसवतो, नळाला तोटी बसवतो. जी वस्तू जागेवर ठेवल्यावर काम करू लागते तिला आपण बसवतो, आणि इन्स्टॉल करणे म्हणजे नेमकं तेच. लिनक्स या संगणकप्रणालीचं मराठीकरण करणाऱ्यांनी 'प्रतिष्ठापन' घेतलं होतं. अर्थ चोख, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. 'बसवा' आधीच जिभेवर आहे.

रविवारपेठ
'घल्लइ'चा मुद्दा मान्य. पण हजार वर्षांपूर्वी काय अर्थ होता यावरून आजचा भेद पुसून टाकायचा का? भेद तयार झाला, पिढ्यान्‌पिढ्या टिकला, तो उपयोगाचा आहे. काकूंचं दामिनी गेलं ते तो भेद बुडाल्यामुळेच. 'बसवा'ला माझी हरकत नाही.

पडदाभाषा
मी फोनच्या पडद्यावरच्या मजकुराचं मराठी भाषांतर करते, म्हणून कामाचं सांगते. पत्रकात तेच लिहा जे बटणावर दिसतं. आज मराठीत ठेवलेल्या अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरचं बटण 'इंस्टॉल करा' म्हणतं. काकू पत्रकात 'बसवा' वाचतील आणि पडद्यावर 'बसवा' शोधत राहतील. नव्या माणसाच्या दृष्टीनं पडदा आणि कागद यांचं जुळणं हे शब्दाच्या सौंदर्याआधी येतं. 'अनुप्रयोग' आणि 'स्थापित करा'सुद्धा पडद्यावर येऊन गेले. बोलण्यात आले नाहीत, म्हणून मागे पडले.

'टाका'पेक्षा जास्त सांभाळायचा शब्द 'काढणे' आहे. "पालिकेनं नवं ॲप काढलं" म्हणजे सुरू केलं. "मी ते ॲप काढलं" म्हणजे घालवलं. दुकान काढणे आणि काटा काढणे, दोन्ही मराठीच. त्यामुळे पत्रकात 'अनइंस्टॉल'साठी 'काढून टाका' असं पूर्ण लिहा, नुसतं 'काढा' नको.

आणखी एक, शोधण्याबद्दल. 'ॲप' हा शब्दच चार तऱ्हांनी लिहिला जातो. एक, 'ॲ' हे सुटं अक्षर. दोन, 'अ'वर चंद्र. तीन, त्या दोघांमध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असलेलं. चार, 'ए'वर चंद्र दिलेलं 'ऍ', जे जुन्या टंकनात सर्रास असायचं. डोळ्याला पहिली तीन बहुधा सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ही वेगवेगळी अक्षरं आहेत. 'ॲ'ला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, स्वतःची जागा मिळाली एप्रिल २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं १० जुलै २००८ ला. म्हणजे हा शब्द जगभर जायच्या जेमतेम तीन महिने आधी तो मराठीत लिहायचं अक्षर तयार झालं! मला याचं अजून अप्रूप वाटतं. पण सवयी जुन्याच राहिल्या. तुमच्या पत्रकाची संगणकावर प्रत राहणार असेल तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच 'ॲ' वापरा, नाहीतर शोधताना अर्धी ॲप सापडणार नाहीत.

पऱ्हाटी
'अर्धी ॲप' की 'अर्धे ॲप्स'? आमच्याकडे तो ॲप, ते ॲप्स.

तांबडीमाती
ते ॲप. ती ॲपं.

लेखणीदौत
नपुंसकलिंगच रूढ आहे. अनेकवचनी 'ॲपं' बोलण्यात, 'ॲप्स' छापण्यात. काही वर्तमानपत्रं 'उपयोजन' लिहितात. तो शब्द मला आवडतो, कारण 'उपयोजित गणित', 'उपयोजित मराठी' यांमुळे तो शिकलेल्या मराठी माणसाला परका नाही.

रविवारपेठ
'उपयोजन'ला माझाही पाठिंबा. महापौर, दिनांक, चित्रपट हे शब्दही पहिल्यांदा जड वाटले असतील. वापरल्याशिवाय शब्द हलका होत नाही.

घाटवाट
'उपयोजन'चा आग्रह धरणाऱ्यांना एक खरी अडचण सांगतो. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्यानं आपल्या शेतातल्या पिकाचा फोटो स्वतः काढून नोंद करायची आणि ती सातबाऱ्यावर चढायची. आमच्याकडे निरोप आला, "ई-पीकचं ॲप्लिकेशन करून घ्या." झालं, कितीतरी लोक साध्या कागदावर अर्ज लिहून घेऊन आले! खाली सही, वर 'माननीय महोदय'. त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे ॲप्लिकेशन म्हणजे अर्ज, हे ब्रिटिशांच्या काळापासून पक्कं आहे. माझ्या चुलत्यांना दोन हेलपाटे पडले. तेव्हापासून मी 'ॲप' या दोन अक्षरांच्या बाजूचा आहे. तुटका शब्द आहे म्हणूनच तो अर्जापासून सुटला. 'उपयोजन' म्हटलं असतं तर माणसं अर्ज घेऊन आली नसती हे खरं, पण घरीच बसली असती.

पिंपळपार, पत्रकात एक ओळ ठळक छापा. व्हॉट्सॲपवर वाहतुकीच्या दंडाच्या किंवा बँकेच्या नावानं एपीके फाइल (दुकानाबाहेरून थेट ॲप फोनमध्ये आणणारी) येते, ती उघडायची नाही, मग तुम्ही 'टाका' म्हणा की 'बसवा'. ॲप फोनमधल्या प्ले स्टोअरसारख्या दुकानातूनच घ्यायचं, आणि नावाखाली ते कुणी बनवलंय ते वाचायचं. दामिनीच्या खाली पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं नाव दिसलं पाहिजे. आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेचा इशारा देतं ते. पावसाळ्यात रानात असणाऱ्या माणसाला याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. काकूंच्या फोनमध्ये ते पुन्हा आलं का, हे आधी सांगा.

पिंपळपार
आलं. त्याच संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून दिलं, आणि स्थान बघायची परवानगीही द्यायला लावली, नाहीतर इशारा येणार कसा. एपीकेची ओळ पहिल्या पानावर घेतो. तिकिटाचं ॲपही घेतलं.

शनिवारी वर्गात तिन्ही वाक्यं वाचून दाखवली. 'घाला'वर दोघींनी मान डोलावली, त्या मूळच्या सांगलीच्या. 'बसवा'वर एक आजोबा म्हणाले, "बसवायला माणूस कधी येणार? त्याला पैसे द्यायचे का?" मीटरवाला, पंपवाला येतो तसा हा पण येणार, असं त्यांना वाटलं. 'इन्स्टॉल करा' सगळ्यांनी वाचलं, पण मोठ्यानं म्हणताना निम्मे अडखळले. आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "भरून द्या की, पूर्वी गाणी भरून मिळायची तसं."

तांबडीमाती
भरून! एसटी स्टँडसमोर पाटी असायची, 'मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील'. कार्ड आणि यादी द्यायची, चहा पिऊन येईपर्यंत भजनं, लावण्या, सिनेमाची गाणी सगळं भरलेलं. पैसे जीबीवर. हा शब्द खरंच लोकांनी स्वतः घडवला होता, कुठल्या कोशानं दिला नव्हता.

पडदाभाषा
सुंदर शब्द. पण 'बिल भरायचं ॲप भरा' असं वाक्य पत्रकात येईल, तेव्हा काय कराल?

रविवारपेठ
म्हणून म्हणतो, 'घाला' घ्या. 'बिल भरायचं ॲप घाला' यात काही अडत नाही.

पऱ्हाटी
'घाला' म्हटलं की आमच्याकडे आधी कपडे आठवतात. आणि ज्याला-त्याला 'घालणे'च लावायचं तर मग रांगोळीचं काय? तुमच्याकडे ती काढतात, म्हणजे पडदाभाषाताईंच्या हिशोबानं पुसली का? आमच्याकडे रांगोळी टाकतात, सडा पण टाकतात.

तांबडीमाती
रांगोळी घालतात ओ. सडा पण घालतात.

मांडवीकाठ
रांगोळी घालतात, याला माझंही अनुमोदन. पण पुण्यात आत्याकडे नेहमी 'काढली' असंच ऐकलं. ठिपक्यांची असेल तर 'काढणे' आणि नुसती भुरभुरवलेली असेल तर 'घालणे' असा काही फरक तिकडे करतात का? रविवारपेठ, सांगाल का?

रविवारपेठ
करतात. ठिपक्यांची, चित्राची रांगोळी काढायची. ताटाभोवती पंगतीला घालायची. पण यावर वेगळं लिहायला हवं, आमच्या घरातच यावरून दोन मतं आहेत.