अनुभव धागा: घरचं पिकलेलं पहिल्यांदा ताटात आलं तेव्हा

मंडळी, श्रावण तोंडावर आलाय आणि आपली बियांची देवघेव पुन्हा सुरू झालीये. यंदा बियांबरोबर अनुभवही लिहूया असं बऱ्याच जणांनी सुचवलं, म्हणून हा धागा. गच्ची असो, बाल्कनी असो, खिडकीची ग्रिल असो की गावचं परसदार, तुम्ही स्वतः लावलेलं आणि घरच्या ताटात आलेलं एक काहीतरी सांगा. एकच सांगा, पण नीट सांगा. माती कुठली, दिवस किती लागले, मधे काय बिघडलं. जमलं नसेल तर तेही लिहा. मला स्वतःला वाया गेलेल्या कुंड्यांनीच जास्त शिकवलंय.

सुरुवात मी करते. पुण्यात पूर्वेकडची छोटी बाल्कनी आहे, ऊन अकरापर्यंत. फळवाल्याकडून प्लास्टिकचा क्रेट आणला, त्याला जुन्या सुती साडीचं अस्तर लावलं, अर्धी माती, अर्धं गांडूळखत भरलं आणि स्वयंपाकघरातल्या डब्यातली मेथी पेरली. पहिल्या खेपेला इतकं पाणी घातलं की वीतभरही न होता रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. तीन दिवसांत सगळा क्रेट बसला. दुसऱ्यांदा ऑक्टोबरात पेरली आणि बोट मातीत खुपसून कोरडं लागलं तरच पाणी दिलं. आठव्या दिवशी दाट झालेली रोपं उपटून विरळणी केली. ती टाकवेनात, म्हणून धुऊन, दाण्याचं कूट, मीठ, लिंबू घालून वर मिरचीची फोडणी दिली. सासूबाई दोन वेळा वाढून घेऊन म्हणाल्या, "हिला बाजारच्या मेथीचा कडूपणा नाही गं." भाजी 27 दिवसांनी झाली, पण माझ्या लक्षात राहिली ती कोशिंबीर. आता तुम्ही.

डोंबिवली, तिसरा मजला

ताई, आमच्याकडे फक्त खिडकीची ग्रिल आहे. त्यात कोथिंबीर. दोनदा अख्खे धणे पेरले, काहीच उगवलं नाही. मग आईने सांगितलं, धणे लाटण्याने हलके रगड, एका धण्याच्या दोन फाकी व्हायला हव्यात, आणि रात्रभर भिजव. दहाव्या दिवशी कोंब दिसले. बाराव्या दिवशी कबुतरांनी सगळे खुडून टाकले. त्या सकाळी खरंच रडू आलं. आता ग्रिलला बारीक नायलॉनची जाळी ताणून बांधलीये, सैल ठेवली तर कबुतरं तिच्यावर बसून ती खाली दाबतात. एप्रिल-मे मध्ये कोथिंबीर लावत नाही, पानं धरायच्या आत फुलावर जाते.

सावंतवाडी

आमच्या परसात अळू कुणी लावल्याचं मला आठवत नाही. न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर ते होतंच. लग्न होऊन आले तेव्हा भाजीचं आणि वडीचं अळू वेगळं ओळखायला सासूबाईंनी शिकवलं. वडीच्याला देठ काळपट आणि पान जाड, भाजीचं हिरवंगार, मऊ. खाज दोन्हीला, म्हणून चिंच नाहीतर आमसूल हवंच.

पण मला सांगायचंय ते हळदीबद्दल. माकडांनी चार वर्षांत आमचं काही शिल्लक ठेवलं नाही. भेंडी, काकडी, पपई, अगदी केळफूलसुद्धा. हळदीला मात्र आमच्याकडे तरी त्यांनी हात लावलेला नाही. मे अखेरीस सिमेंटच्या रिकाम्या गोणीत अर्ध्यापर्यंत माती, शेणखत आणि पालापाचोळा भरून तीन-तीन डोळ्यांचे कंद लावते. पावसात पान हातभर होतं. नागपंचमीला त्याच पानांच्या पातोळ्या. पान धुऊन, पुसून, त्यावर तांदळाचं पीठ बोटांनी पातळ पसरायचं, मधे गूळ-खोबऱ्याचं चून, पान दुमडायचं आणि मोदकपात्रात ठेवायचं. दहा मिनिटांत जो वास घरभर सुटतो तो विकतच्या पानाला येत नाही, कारण ते पान बाजारात पोचेपर्यंत अर्धं सुकलेलं असतं. पानं सगळी तोडू नका, नाहीतर खाली कंद भरत नाही. पौष-माघात पानं वाळली की गोणी उलटी करायची. मागच्या वर्षी तीन गोण्यांत चार किलो ओली हळद निघाली, निम्मी लोणच्यात गेली.

अकोला

आमच्या इथे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. गच्चीवरची काळी कुंडी दुपारी हात लावू देत नाही, आत मुळं अक्षरशः शिजतात. तीन उन्हाळे पालक लावला, तिन्ही वेळा गेला. मग शेजारच्या काकूंनी मायाळूची बोटभर काडी दिली. कुंडीभोवती ओलं पोतं गुंडाळलं, मातीवर गव्हाच्या काडाचा जाड थर दिला, वर पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी. पाणी सकाळी सहाच्या आत आणि दिवस मावळल्यावर. मायाळूची भजी यंदा ऐन मे महिन्यात खाल्ली. त्या उन्हात घरात दुसरं हिरवं पान नव्हतं.

नाशिक

माझा अनुभव न जमल्याचा आहे. मिरची. दोन वर्षं झाली, बारा रोपांतून हाताच्या बोटांवर मोजाव्या एवढ्या मिरच्या. बोकड्या रोग येतो, पानं चुरगळतात, फूल गळतं. एका रोपवाटिकेतून औषध आणलं, बाटलीवर काय आहे ते नीट लिहिलेलंही नव्हतं. खायच्या झाडावर ते मारायचं धाडस झालं नाही. कुणाला उपाय सापडलाय का?

सांगली (नाशिकच्या दादांना)

दादा, आधी पान कुठल्या बाजूला वळतंय ते बघा. कडा वर येऊन द्रोणासारखं झालं असेल तर बहुतेक फुलकिडे, खाली वळून होडी पालथी घातल्यासारखं दिसत असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड). पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, फुलकिडे बारीक रेघांसारखे पळताना दिसतात. मी लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे चार थेंब मिसळून आठवड्यातून एकदा संध्याकाळी फवारते, पानाच्या खालच्या बाजूने. निळे चिकट सापळेही लावते. फार चुरगळलेला शेंडा कापून पिशवीत बंद करून टाकते. नवीन फूट सरळ येते. तरीही काही रोपं सुधारत नाहीत, ती विषाणूची असतात. पांढरी माशी तो इतरांवर नेते, म्हणून अशी रोपं जीव घट्ट करून उपटायची. माझी आठातली पाच वाचली आणि त्यांनी ठेच्यापुरती मिरची वर्षभर दिली.

पुणे, सोसायटीची गच्ची

आमच्या गच्चीवरची बाग सोसायटीने एकदा बंद पाडली होती. खालच्या घरात ओल आली आणि दोष बागेवर आला. मला राग आला, पण गच्चीवर भार फार झालाय हे त्यांचं म्हणणं खरं होतं. मी नुसती लाल माती भरली होती. एक घनफूट ओली माती 45-50 किलो भरते. असे चाळीस ड्रम गच्चीवर होते. सगळं उपसलं.

त्यानंतर वाचायला लागलो. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोग परिवारामुळे साधी माणसं आपापल्या अंगणात मोजमाप करून प्रयोग करायला लागली. पालापाचोळा जिरवून माती घरीच तयार करता येते हे मला तिथून समजलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी कॅन्टीनच्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली, ते वाचून धीर आला. मग उसाचं चिपाड रसवंतीवरून फुकट आणायला लागलो. ड्रमच्या तळाशी चिपाड, वर सुका पाला, वर घरचा ओला कचरा, मधून मधून शेणाचा काला आणि मूठभर जुनी माती. तीन महिन्यांत थर निम्म्यावर बसला आणि हातात घेतला तर चहाच्या चोथ्यासारखा मोकळा, पावसाच्या मातीचा वास येणारा. तो ड्रम आता मी एकटा उचलतो. सगळे ड्रम विटांवर ठेवलेत, खालून गच्ची कोरडी दिसते, वॉटरप्रूफिंगवाल्याला वर्षातून एकदा दाखवतो. कचऱ्यात करड्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या सोल्जर माशीच्या असतात, कचरा खातात, झाडाला काही करत नाहीत.

ताटात काय आलं ते राहिलंच. पहिली वांगी. सात. भरल्या वांग्यांना पुरली आणि ओल आलेल्या घरच्या काकांनाही एक वाटी पाठवली.

वसई

कढीपत्ता. चार वर्षं कुंडीत, पहिली दोन वर्षं चार पानांचं काडकं. दर पंधरा दिवसांनी आंबट ताक पातळ करून घातलं, शेंडा छाटला, आता फोडणीला हात पुढे केला की पान मिळतं.

टोरोंटो

आमच्या मागच्या अंगणात बारा फूट बाय सहा फूट जागा आहे. इथे मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीआधी काही बाहेर लावत नाहीत, हिमाची भीती असते. म्हणून दुधीच्या बिया एप्रिलमध्ये घरात, हीटरच्या जाळीशेजारी, दह्याच्या डब्यांत. जूनअखेर वेल कुंपणावर. जुलैत पांढरी फुलं पांढरी फुलं, आणि दुधी एक नाही. छोटी छोटी बाळं पिवळी पडून गळायची. मी खत वाढवलं, पाणी वाढवलं, काही फरक नाही.

नागपूरहून आई आली होती. ती संध्याकाळी वेलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, हे फूल उमलतंच मुळी दिवेलागणीला. तुझ्या मधमाश्या तर घरी गेल्या." भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे उमलतं, दुधीचं संध्याकाळी. आईने लांब देठाचं नर फूल तोडलं, पाकळ्या मागे दुमडल्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलात तीनदा हलकेच टेकवला. मादी फूल ओळखायचं सोपं, मागे बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी आधीच असतो. त्यावर लाल दोरा बांधला. चार दिवसांनी तो दुधी मान खाली घालून जड दिसायला लागला आणि मग रोज सकाळी मोठा. ऑगस्टमध्ये रोज साडेआठला आम्ही दोघी टॉर्च घेऊन कुंपणाशी असायचो. नऊ दुधी झाले. ऑक्टोबरच्या हिमाने वेल एका रात्रीत काळा पडला तेव्हा आई परत गेली होती. फोनवर सांगितलं तर तिने पहिलं विचारलं, "एक दुधी जून ठेवलास ना बियांना?" ठेवला होता.

संगमनेर

माझ्या आजीचा वाल. ती अकोले तालुक्यातली. त्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणी जपल्याबद्दल 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आजी म्हणाली होती, असे डबे आमच्याही घरी होते. शोधले तर माळ्यावर एक सापडला. राखेत ठेवलेल्या तांबूस, पांढऱ्या डोळ्याच्या बिया. किती वर्षांच्या ते तिलाही सांगता येईना.

वीस पेरल्या, तीन उगवल्या. जुलैत लावलेला वेल ऑक्टोबरपर्यंत नुसता पानं वाढवत राहिला. मी कापायलाच निघाले होते. आजीने थांबवलं, "दिवस लहान होऊ दे, मग बघ." कार्तिकात जांभळी फुलं आली, पौषात शेंगा. एका वेलाच्या सगळ्या शेंगा बियांना सोडल्या, दुसऱ्या दोन वेलांच्या सोलल्या. बिरडं आजीनेच केलं, खोबरं वाटून, आणि मला हात लावू दिला नाही.

आजी या फेब्रुवारीत गेली. डबा आता माझ्याकडे आहे, राख नवीन भरलीये. यंदाच्या देवघेवीसाठी प्रत्येकी पाच बिया देऊ शकते, बारा जणांना पुरतील. ज्यांच्याकडे मांडव किंवा कुंपण आहे त्यांनी इथेच लिहा. कार्तिकाआधी वेल कापणार नाही एवढं कबूल करा.